देवमाशाचा हात

वडिलांनी मला ठाण्याच्या बोर्डिंगात आणून सोडलं, तोवर घराबाहेर मी एक रात्रही कधी राहिलो नव्हतो. आमचं घर कल्याणला. वडील भिक्षुकी करत. पूजा, मुंजी, श्राद्धपक्ष यांतच त्यांचं सगळं आयुष्य गेलं. मुलाने इंग्रजी शिकावं ही इच्छा आईची होती, आणि तिने ती कधीही आवाज न चढवता तडीस नेली. कल्याणहून आगगाडीने ठाणं काही लांब नाही. पण मुंब्र्याच्या डोंगरात गाडी बोगद्यात शिरली आणि डब्यात अंधार झाला, तेव्हा मी वडिलांचं उपरणं मुठीत घट्ट धरलं. बोगदा सरला तरी मी ते सोडलं नाही, आणि त्यांनीही सोडवून घेतलं नाही.

बोर्डिंग म्हणजे शाळेच्या मागे एक बैठी कौलारू इमारत. चार खोल्या, पुढे लांबच लांब पडवी, एका अंगाला स्वयंपाकघर आणि अंगणात विहीर. भिवंडी, पनवेल, मुरबाड, शहापूर अशा गावांहून आलेली आम्ही मुलं तिथे राहत होतो. उजाडायच्या आत उठायचं, विहिरीवर थंड पाण्याची आंघोळ, संध्या, मग ओळीने बसून मोठ्याने पाठांतर. प्रत्येकाचं पाठांतर वेगळं, त्यामुळे अंगणात असा काही गलबला उठे की विहिरीवरचे कावळे उडून जात. मग पंगत. वाढायला आचारीबुवा. हे गृहस्थ राजापूरकडचे, अंगाने सडपातळ आणि सोवळ्याने फार कडक. ओल्या धोतराचं टोक कुणाला लागलं तर ते पुन्हा विहिरीकडे चालू लागत आणि भात तसाच चुलीवर राही.

मी पहिले काही महिने कुणाशी फारसं बोललो नाही. माझ्या शेजारी वळकटी टाकणारा भिवंडीचा मुलगा मात्र दोघांचं मिळून बोले. तोच मला पहिल्यांदा मास्तरांच्या खिडकीपाशी घेऊन गेला.

हे मास्तर आम्हाला गणित आणि सृष्टिज्ञान शिकवत, आणि बोर्डिंगची देखरेखही त्यांच्याकडेच होती. त्यांची खोली पडवीच्या टोकाला. खिडकीच्या रुंद कठड्यावर सापाची कात, सुगरणीचं घरटं, खाडीतले शिंपले, वाळलेला घोडामासा, कसल्या कसल्या बिया असं सगळं मांडून ठेवलेलं असे. मुलांनी काहीही आणून द्यावं, मास्तर ते हातात घेत, उलटसुलट करत आणि आणणाऱ्यालाच विचारत, "बरं, काय दिसतं तुला?" उत्तर चुकलं तर रागावत नसत. पण न पाहता दिलेलं उत्तर त्यांना मुळीच खपत नसे.

माझं दुसरं वर्ष सुरू होतं. दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही परत आलो होतो, नुकती पौर्णिमा झाली होती. रविवारी सकाळी मास्तर बाजारातून आले ते जवळजवळ धावतच. हातातली भाजीची पिशवी त्यांनी पायरीवर टाकली.

"कोळणी सांगताहेत, कोलशेतच्या खाडीत देवमासा आलाय. पौर्णिमेच्या उधाणाबरोबर आत शिरला आणि ओहोटीला गाळात अडकला. चला, ज्यांची चालायची तयारी आहे त्यांनी निघा."

आम्ही सगळेच निघालो.

कोलशेतची वाट तेव्हा शेतांच्या बांधांवरून आणि मिठागरांच्या कडेने जाई. भाताची कापणी झालेली, उन्हाला अजून धार आलेली नव्हती. मास्तर पुढे, पगडी सावरत झपझप चालले होते. भिवंडीचा मुलगा सांगत होता की देवमाशाचं तोंड एवढं असतं की त्यात बैलगाडी जाते. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. मासा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे मासाच येत होता. फार तर होडीएवढा.

तिवरांच्या झाडीतून आम्ही खाडीच्या काठावर आलो आणि समोर ओहोटीच्या उघड्या गाळावर मला एक काळीकरडी टेकडी दिसली. मी मासा शोधत इकडेतिकडे पाहत राहिलो. मग त्या टेकडीतून आवाज आला. आमच्या गावच्या लोहाराचा भाता एकदम दाबला तर जसा येईल तसा, पण त्याच्या शंभरपट. टेकडीच्या माथ्यावरून वाफेचा लोट उठला आणि वाऱ्याबरोबर आमच्या अंगावर आला. तो गरम होता. त्याला मासळीचा वास होता. माझ्या तोंडावर, ओठांवर ते दंव बसलं.

"जिवंत आहे," मास्तर हळूच म्हणाले.

काठावर गावातली सगळी माणसं जमली होती, पण गलका नव्हता. सगळे उभे होते आणि ऐकत होते. एक श्वास झाला की मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की आता संपलं असं वाटावं. आपण स्वतःच श्वास धरून ठेवलाय हे मला छातीत कळ आल्यावर समजलं. मग पुन्हा तो आवाज, पुन्हा ती वाफ. बायका हात जोडत. कुणीतरी त्याच्या अंगावर हळदकुंकू वाहिलं होतं, त्याच्यासमोर गाळात नारळ ठेवला होता. आणि एक म्हातारी कोळीण, लुगड्याचा कासोटा घट्ट खोवून, गुडघाभर गाळात उभी राहून हंडीने त्याच्या पाठीवर पाणी ओतत होती. तिथल्या एका डबक्यातून हंडी भरायची आणि ओतायची, असं तिचं सकाळपासून चाललं होतं. ओतताना ती त्याच्याशी बोलत होती.

"आता येल पानी, बाबा. जरा कळ काढ. येल पानी."

मास्तरांनी अंगरखा काढला, पगडी माझ्या हातात दिली आणि ते गाळात उतरले. मग गावातल्या माणसांनी मडकी आणली, आम्ही ओळ धरली आणि डबक्यापासून माशापर्यंत मडकी हातोहात जाऊ लागली. माझ्या वाट्याला ओळीतली शेवटची जागा आली. म्हणजे ओतायचं मी. त्याच्या अंगाला हात न लागू देता पाणी ओतता येत नव्हतं. कातडी गुळगुळीत होती, ओल्या वांग्यासारखी, आणि पाणी पडलं की तिच्याखाली काहीतरी थरथरे. माझ्यापासून थोड्याच अंतरावर त्याचा डोळा होता. एवढ्या देहाला तो डोळा किती लहान! गाईच्या डोळ्याहून थोडासाच मोठा. तपकिरी, पाणावलेला. तो हलला आणि माझ्यावर येऊन थांबला. आपल्याकडे कुणी असं पाहिलंय असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. त्यात राग नव्हता, विनवणी नव्हती. तो पाहत होता, एवढंच.

दुपारी भरती चढू लागली. कोळ्यांचे पाटील, दाढीला पांढरे केस आलेले भारदस्त गृहस्थ, होड्या घेऊन तयारच होते. माशाच्या शेपटीभोवती काथ्याचा जाड दोर बांधला होता. होड्यांतून वल्ही मारणारे आणि पाण्यात उभे राहून दोर ओढणारे, असे सगळे एकदम जोर लावणार होते. मास्तरांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही विचारलंही नाही. धोतरं वर खोवून पाण्यात उतरलो आणि जो दोर हाताला लागला तो धरला. पाटलांनी आरोळी दिली, सगळ्यांनी तिला ओ दिली, आणि आम्ही ओढलं. पाणी माझ्या छातीपर्यंत आलं होतं. तळव्यांची सालटं निघाली. एकदा तो हलला. खरोखर हलला! शेपूट वर आली, पाण्यावर आपटली आणि आमच्यातले पाचसहा जण खाली पडले. काठावरून बायकांनी आनंदाने ओरडा केला.

पण पौर्णिमेचं उधाण ओसरत चाललं होतं. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा थोडी कमीच. पाणी चढायचं थांबलं, थोडा वेळ स्थिर राहिलं आणि मग आमच्या पायांभोवतून परत वाहू लागलं. पाटलांनी दोर सोडला. पाणी उतरत गेलं तसा त्या देहाचा भार पुन्हा गाळावर आला, आणि श्वासांतलं अंतर वाढत गेलं. सूर्य घोडबंदरच्या डोंगरांकडे झुकला होता तेव्हा एक श्वास झाला आणि त्यानंतरचा आलाच नाही. आम्ही सगळे वाट पाहत राहिलो. शेवटी म्हातारीने हंडी उपडी केली आणि ती गाळातच खाली बसली.

परतताना वाटेत कुणी बोललं नाही. भिवंडीचा मुलगासुद्धा नाही.

मास्तर दुसऱ्याच दिवशी पुन्हा कोलशेतला गेले आणि मला व भिवंडीच्या मुलाला बरोबर घेऊन गेले. गावाने ठरवलं होतं की देवमाशाला मूठमाती द्यायची. मिठागरांचे आणि खारजमिनीचे बांध घालणारी ती माणसं; त्यांनी त्याच्याभोवती बांध घालायला घेतला होता, आणि आत माती लोटून तो पुरा झाकायचा होता. मास्तरांनी पाटलांना विचारलं की मांस मातीत जिरून गेल्यावर त्याची हाडं शाळेला मिळतील का.

पाटलांच्या कपाळाला आठी पडली. "देव हाय तो, मास्तर. देवाची हाडं तुमी शालंत टांगनार?"

"टांगणार," मास्तर म्हणाले. "पाटील, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? टांगणार आणि मुलांना दाखवणार. तो आतून कसा आहे ते आम्हाला कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही."

ती म्हातारी त्यांची चुलती होती असं तेव्हा कळलं. बांधावर माती टाकता टाकता ती थांबली आणि म्हणाली, "ती पोरं दोर खेचाया आली व्हती. बामनाची पोरं, गल्यापतुर पान्यात उतरली. देऊ त्यांना."

पाटलांनी मान डोलावली, पण एक बरगडी गावदेवीपाशी राहील असं सांगितलं. मास्तर लगेच कबूल झाले.

मग पुढचा सगळा पावसाळा आम्ही त्या बांधाचा विचार करत काढला. वर्गात भूगोल चाले, व्याकरण चाले, आणि मध्येच कुणीतरी कुजबुजे, "आता तो कितपत झाला असेल?" मास्तर महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन पाहून येत. आणखी एक थंडी, आणखी एक उन्हाळा असाच गेला. दुसरा पावसाळा सरल्यावर त्यांनी सांगितलं, "आता उकरायला हरकत नाही."

त्या वासाबद्दल मी फार लिहीत नाही. बैलगाड्या नेल्या होत्या; पण हाडं जवळ येताच बैल बिथरले आणि जू झटकून मागे सरले. मग पाटलांनी एक मचवा दिला आणि हाडं खाडीतून ठाण्याच्या बंदरावर आली. तिथून आम्ही ती बांबूंना बांधून, खांद्यावर घेऊन शाळेच्या मागच्या आवारात आणली. डोक्याचं हाड आणायला मोठी माणसं लागली. कानाचं एक हाड मास्तरांनी मला वेगळं धरायला दिलं. दगडासारखं जड, आणि आकाराने थेट कवडी! एवढ्या मोठ्या जिवाचं ऐकणं माझ्या मुठीत मावत होतं.

बोर्डिंगात पाऊल ठेवलं तर आचारीबुवा स्वयंपाकघराच्या दारात उभे.

"मास्तर, मेल्या जनावराची हाडं वाहून आणलेल्या पोरांना मी वाढणार नाही. आज नाही आणि उद्याही नाही."

"मुलं आंघोळ करतील, बुवा."

"आंघोळीने हे फिटत नाही. तुम्हाला हे मी सांगायला हवं का?"

त्यांनी चूल विझवली आणि ते ओसरीवर जाऊन जपाला बसले. त्या दिवशी आम्ही पोहे आणि गूळ खाल्ला. पुढचे कित्येक दिवसही तेच. मास्तर आचारीबुवांवर रागावले नाहीत. "त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर आहे," ते म्हणाले. "काहीतरी तोड निघेल. तोवर कामाला लागा."

काम म्हणजे हाडं सोडाखाराच्या पाण्यात घासायची, चुन्याच्या निवळीत बुडवायची, उन्हात वाळवायची आणि मग आवारात जागच्या जागी मांडायची. मणक्यांची ओळ आम्हाला सोपी गेली. मधले मणके जात्याच्या तळीएवढे, आणि शेपटीकडे लहान लहान होत शेवटचा सुपारीएवढा. बरगड्याही लागल्या. पण एका टोपलीत नुसते तुकडे होते. काही लांबट, काही चपटे, खेळातल्या सोंगट्यांसारखे. ते उकरताना मास्तरांनी एकत्र ठेवायला सांगितले होते, कारण ते छातीजवळच्या एका परातून निघाले होते; मासा ज्याने पाणी कापतो त्या परातून. टोपली मला आणि भिवंडीच्या मुलाला मिळाली.

आम्ही एका फळीवर ते मांडायला लागलो. आधी एक आखूड जाड हाड, त्याच्यापुढे दोन जोडीची, मग बारीक खड्यांचा पुंजका. पुढे सोंगट्या. सोंगट्या कशा मांडायच्या ते कळेना. मग जाडीप्रमाणे लावून पाहिल्या, जाडीला जाडी जोडली, आणि त्यांच्या आपोआप ओळी झाल्या. मी उठून उभा राहिलो आणि वरून पाहिलं.

दंड. कोपर. पुढचा हात. मनगट. बोटं.

भिवंडीचा मुलगा फळीकडे पाहत होता आणि मग त्याने आपला हात पुढे केला आणि बोटं पसरून फळीच्या शेजारी धरली. वल्ह्यासारखा तो पर, बाहेरून नुसतं कातडं, त्याच्या आत हे! पाण्यात राहणाऱ्याला बोटं कशाला? मूठ तो कधी वळणार नव्हता, काही उचलणार नव्हता. तरी ती आत होती, एकेका पेरासकट. त्या दुपारी मी त्याच्या अंगावर पाणी ओतत होतो तेव्हा माझ्या गुडघ्याशी, कातड्याच्या आत, हा हात होता.

मी धावत जाऊन मास्तरांना आणलं. ते बराच वेळ खाली उकिडवे बसून राहिले. मग त्यांनी विचारलं, "काय दिसतं तुला?"

"हात," मी म्हणालो. "पण अंगठा नाही."

खरंच चारच ओळी होत्या. अंगठ्याची हाडं गाळात राहिली असणार असं ठरलं. आम्ही दोघं कोलशेतला जाऊन उकरलेली माती कोळ्यांच्या टोपल्यांतून पाण्यात खळबळून आलो. काही मिळालं नाही.

याच सुमाराला हाडांची बातमी कल्याणला पोचली. आचारीबुवांचा भाचा तिथे राहत होता. त्याने जाऊन सांगितलं असावं. एका सकाळी मी हातात घासायची काथ्याची मूठ घेऊन, कमरेला फाटकं धोतर नेसून मणके घासत होतो आणि मान वर केली तर समोर वडील. खांद्यावर पडशी, कपाळाला गंध. ते सरळ आवारात आले होते.

"आईने तुझे कपडे गोळा करून तुला घरी आण म्हणून सांगितलंय," ते म्हणाले.

मास्तर खोलीतून आले, त्यांनी नमस्कार केला. "शास्त्रीबुवा, मुलाला न्यायचं तर आपला अधिकार आहे. पण त्याने एक काम केलंय, ते पाहून मग न्या."

वडिलांनी उपरणं आवरून घेतलं, कशालाही लागू नये म्हणून, आणि ते फळीपाशी आले. मास्तर काही समजावायला लागले नाहीत. वडील वाकून पाहत होते. त्यांची नजर दंडावरून मनगटाकडे आणि मनगटावरून बोटांकडे गेली, आणि मी पाहिलं की उपरणं धरलेली त्यांची बोटं सुटी झाली, थोडीशी पसरली.

"हा माशाचा आहे?"

"देवमाशाचा. पराच्या आत होता."

"पूर्वी याला हात होते असं म्हणता?"

"असं म्हणणारे लोक विलायतेत आहेत. मला ठाऊक नाही. मी एवढंच म्हणतो की तो आहे."

वडील पुन्हा वाकले. आयुष्यभर मत्स्यावताराची कथा सांगणारा तो माणूस. त्याच्या मनात काय चाललं असेल ते मला कधीच कळलं नाही. पुष्कळ वेळाने ते म्हणाले, "अंगठा कुठाय?"

"सापडत नाही, बाबा," मी म्हणालो. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललेलं हे पहिलंच वाक्य.

"मग आचमन कसं करायचा हा?" ते म्हणाले. माझ्याकडे न पाहताच म्हणाले. पण त्यांच्या मिशीच्या टोकाशी हसू होतं. वडील थट्टा करतात हे मला तोवर माहीतच नव्हतं.

ते मला घरी घेऊन गेले नाहीत. आचारीबुवांच्या शेजारी ओसरीवर बसून त्यांनी बराच वेळ बोलणी केली. आत आम्हाला नुसते सूर ऐकू येत; आचारीबुवांचा चढा, वडिलांचा सावकाश. शेवटी ठरलं ते असं: हाडांच्या कामाचं धोतर वेगळं, ते कधी आत आणायचं नाही, काम संपल्यावर डोक्यावरून आंघोळ, आणि आत्ताच्या आत्ता सगळ्यांना प्रायश्चित्त. ते वडिलांनी स्वतःच दिलं. आम्हाला पडवीत ओळीने बसवलं, मंत्र सांगितले आणि प्रत्येकाच्या हातावर पंचगव्य घातलं. शेवटी मास्तरांपुढे आले. मास्तरांनी निमूट हात पुढे केला.

आचारीबुवांनी त्या दुपारी चूल पेटवली. भाताचा वास आला तेव्हा पनवेलचा एक लहान मुलगा रडायलाच लागला.

गाडीला निघताना वडिलांनी मला बाजूला घेतलं. "काम अर्धवट सोडू नकोस," ते म्हणाले. "आणि आईला काय सांगायचं ते मी बघतो."

अंगठ्याचा उलगडा त्यानंतर थोड्याच दिवसांत झाला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे प्राण्यांच्या शरीरांचं एक चित्रांचं पुस्तक होतं. मास्तर त्यांना घेऊन आले. डॉक्टरांनी फळीवरचा हात पाहिला, चित्राशी ताडला आणि सांगितलं की काही जातींच्या देवमाशांना पाच बोटं असतात, काहींना चारच. आपला चारवाला. त्याचं काही हरवलेलं नाही, तो पुराच आहे.

मला हे ऐकून जे वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. इतके दिवस मी त्याच्यात उणीव शोधत होतो, कारण मी त्याला माझ्या हाताशी मोजत होतो. आणि तो आपल्या जागी पुरता होता.

थंडी संपता संपता सांगाडा उभा राहिला. लोहाराने लोखंडी सळ्या केल्या, सुताराने सागाचे टेकू दिले आणि गावदेवीला दिलेल्या बरगडीच्या जागी एक लाकडी बरगडी बसवली. शाळेच्या इमारतीच्या मागच्या मोठ्या पडवीत तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत होता. सगळ्यांना पाहायला खुला केला त्या दिवशी ठाण्यातलं निम्मं गाव लोटलं. कचेरीतले कारकून, वकील, दुकानदार, डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका. आत येईपर्यंत सगळे मोठ्याने बोलत असत. आणि बरगड्यांच्या खाली आले की आवाज आपोआप खाली जाई. मास्तरांनी मला हाताच्या हाडापाशी उभं केलं होतं. ज्या मुलाने पहिले कित्येक महिने तोंड उघडलं नव्हतं त्याने त्या दिवशी घसा बसेपर्यंत लोकांना सांगितलं.

कोलशेतची माणसं होडीने आली. पाटील आले, त्यांच्याबरोबर ती म्हातारीही. ती आता फार थकली होती. गावातल्या दोघींनी तिला धरून आणलं होतं. तिने आधी डोक्याच्या हाडाला हात लावून नमस्कार केला. मग मी तिला त्याचा हात दाखवला.

तिने आपला पंजा त्याच्याशेजारी ठेवला. वल्ही आणि जाळी ओढून वाकडी झालेली बोटं. ती पाहत राहिली.

"वाटलंच व्हतं मना," ती म्हणाली. "कुनीतरी हाय आत, म्हनून."

गर्दी ओसरल्यावर, दिवेलागणीच्या आत, पडवीच्या दारात आचारीबुवा दिसले. इतके महिने ते या बाजूला फिरकले नव्हते. आत न येता, उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी सांगाडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. मग पुन्हा उलटा पाहिला.

"हा खायचा काय, मास्तर?"

"बारीक मासे. कोळंबीहून लहान किडे. बोटाच्या पेराएवढे."

आचारीबुवा मनात हिशेब करत असावेत. इतक्या पोटाला इतक्या लहान घासांनी वाढायचं म्हणजे काय. मग त्यांनी हात जोडले, सांगाड्याला की त्याला जेवू घालणाऱ्याला ते मला कळलं नाही, आणि ते स्वयंपाकघराकडे वळले.

मास्तरांची पुढच्याच वर्षी बदली झाली. भिवंडीचा मुलगा वकील झाला, आणि बोलण्याचा त्याला उपयोग झाला. मी मुंबईला वैद्यकी शिकायला गेलो. तिथे प्रेतं चिरून शिकायचं, म्हणजे आमच्या घराण्यात पहिल्यांदाच कुणी परक्या प्रेताला हात लावणार होता. आई काळजीत होती. वडिलांनी मात्र स्टेशनवर गाडीत माझी वळकटी स्वतः चढवली, आणि गाडी हलली तरी ते फलाटावर माझ्याबरोबर थोडं चालत आले.